प्रीपोन की ब्रिंग फॉरवर्ड? मी काय लिहितो आणि का

ग्रुपवर इंग्रजीत मेसेज टाकायचा असतो, कार्यक्रम ठरल्यापेक्षा आधी घ्यायचा असतो, आणि बोट अडतं ते इथेच, प्रीपोन लिहू की ब्रिंग फॉरवर्ड. शाळेत आमचे सर सांगायचे की प्रीपोन हा शब्दच नाही. मी ते खरं धरून कितीतरी वर्षं ब्रिंग फॉरवर्डच लिहीत होतो, म्हणजे दोन्ही वापरून झालेत माझे.

आधी सरांचं बघू. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत प्रीपोन आहे, आणि त्याचा जुना दाखला चक्क १५४९ चा, इंग्लंडमधला, फक्त तेव्हा अर्थ होता पुढ्यात ठेवणे. आपल्या अर्थाने तो १९१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला, एका वाचकाने पत्र लिहून सुचवलं की पोस्टपोनला जोडीदार पाहिजे. तिकडे काही रुजला नाही, आपण मात्र रोज वापरून तगवला. पोर्तुगीज शिकलेल्या आमच्या शेजारच्या आजोबांना या भानगडीचं हसू येतं, त्यांच्याकडे आंतेसिपार हा एकच सरळ शब्द आहे.

ब्रिंग फॉरवर्ड चुकीचं आहे असं मी म्हणत नाही हां. तिकडच्या पुस्तकात तेच बरोबर, परीक्षेत किंवा परदेशी ऑफिसला मेल करताना तेच लिहावं. आमच्या गावचा एकजण इंग्लंडात स्विंडनला आहे, त्याने सुपरवायझरला शिफ्ट प्रीपोन करा म्हटलं तर तो नुसता बघत राहिला म्हणे.

पण माझं मन प्रीपोनवर बसलं ते आमच्या नाटकामुळे. जत्रेतलं नाटक, तालीम देवळाच्या मंडपात, रविवारची. शुक्रवारी मंडप मोकळा मिळत होता आणि लायटिंगवाला मडगावचा, त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी इंग्रजीत टाकलं की रविवारची तालीम दोन दिवस ब्रॉट फॉरवर्ड. शुक्रवारी अकरातले पाच आले. बाकीचे मंगळवारी संध्याकाळी मेकअपची पेटी घेऊन मंडपात हजर, आणि लायटिंगवाला वर मलाच विचारतो, "फॉरवर्ड म्हणजे फुडें न्हय रे?"

आता त्याचं काय चुकलं सांगा. आपण मराठीत लग्न पुढे ढकललं म्हणतो तेव्हा ते उशिराच होतं ना, आणि आधी घ्यायचं असलं तर अलीकडे आणलं म्हणतो. तेव्हा फॉरवर्ड वाचलं की डोक्यात पुढे येतं आणि पुढे म्हणजे मंगळवार. आमचा खजिनदार सोसायटीत हिशेब बघतो, त्याला तर ब्रॉट फॉरवर्ड म्हटलं की मागच्या पानावरून आणलेली बाकीच आठवते. आणि हा घोळ आपल्यापुरताच नाही बरं का. बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली तर ती सोमवारी की शुक्रवारी, हे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना विचारलं तरी दोन तट पडतात, त्यावर मानसशास्त्रवाल्यांनी प्रयोगसुद्धा केलेत. आता ब्रिंगमध्ये आणणे आहे, मूव्हमध्ये नाही, तेवढा फरक मान्य, पण घाईत मेसेज वाचणारा ब्रिंग बघतच नाही, फॉरवर्ड तेवढं बघतो.

तिसरा पर्याय म्हणून ॲडव्हान्स लिहून बघितलं एकदा. मंडपवाल्याचा लगेच फोन, किती देताय.

प्रीपोनला ही अडचण नाही. पोस्टपोन सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे उलटं काय ते आपोआप कळतं. कानाला जरा सरकारी वाटतो, हे खरं. तुमचं वाचणारं माणूस लंडनचं असेल तर माझं ऐकू नका, पण फोंडा, म्हापसा, मडगाव एवढ्यातच मेसेज फिरणार असेल तर मी तरी प्रीपोनच टाकतो आणि शेजारी तारीख आणि वार लिहितो. पुढच्या तालमीला तसंच टाकलं होतं, लायटिंगवाला अर्धा तास आधीच येऊन वायरी सोडत बसला होता.