मीटरवरचा २: पिरेयस बंदर ते अ‍ॅक्रोपोलिस, १०० युरो

जहाजाने अथेन्सला जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी हे वाचावे, एवढ्याचसाठी मी लिहीत आहे. नाहीतर ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये असेच मला वाटत होते. मे २०२४ मध्ये पिरेयस बंदरापासून अ‍ॅक्रोपोलिस या प्राचीन मंदिरांच्या टेकडीपर्यंतच्या जेमतेम दहा-बारा किलोमीटरसाठी आम्ही चौघांनी १०० युरो दिले. आम्हाला युरो ९१ रुपये ४० पैशांनी पडला होता, म्हणजे ९,१४० रुपये. त्याच दिवशी दुपारी परत येताना मेट्रोला चौघांचे मिळून ४ युरो ८० सेंट लागले, म्हणजे ४३९ रुपये. मी एका सहकारी बँकेत ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यांतली १९ वर्षे रोखपालाच्या खिडकीत बसून काढली. माझ्याच हातून हे घडले, याची लाज अजून गेलेली नाही.

मी, माझे यजमान, माझी थोरली बहीण आणि भावोजी असे आम्ही चौघे होतो. जहाज सकाळी सातला पिरेयसला लागले आणि साडेचारपर्यंत सर्वांनी परत चढायचे होते. जहाजावरची सहल माणशी ८९ युरोंना होती. ती आम्ही घेतली नाही, आणि तो निर्णय चुकीचा होता असे मी आजही मानत नाही. अ‍ॅक्रोपोलिसची तिकिटे आम्ही घरूनच काढली होती, माणशी २० युरो. एप्रिल २०२४ पासून तिथे सगळ्यांनाच ठरावीक वेळेचे तिकीट घ्यावे लागते आणि आमची वेळ सकाळी दहाची होती. वेळ हुकली तर चौघांचे ८० युरो पाण्यात जाणार, ही धास्ती सकाळपासून डोक्यात होती. बंदराबाहेर उभ्या असणाऱ्या माणसांनाही ती ठाऊक असते, हे मला उशिरा कळले.

पिरेयसचे बंदर लांबलचक आहे. प्रवासी जहाजे लागतात ती टर्मिनले एका टोकाला आणि मेट्रोचे स्थानक पार दुसऱ्या बाजूला, ई ६ या प्रवेशद्वारासमोर, म्हणजे दोन ते अडीच किलोमीटरांवर आहे. ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन आठ महिनेच झाले होते. त्यामुळे तेवढे चालायचे नाही आणि स्थानकापर्यंत बसने जायचे, असे आमचे ठरले होते. बंदराच्या कडेने जाणाऱ्या आक्ती मियाउली रस्त्यावर बस मिळते, हे मी वहीत लिहूनही ठेवले होते. तयारी न करता गेलेल्या माणसांतली मी नाही, हे मुद्दाम सांगते.

टर्मिनलच्या दारातून बाहेर पडलो, तेव्हा गळ्यात पट्टा आणि त्याला ओळखपत्र लावलेला एक माणूस पुढे आला. त्याने आम्हाला टॅक्सी हवी का असे विचारलेच नाही. तो म्हणाला, “तुम्ही मेट्रोसाठी निघाला असाल तर थांबा, आज संप आहे.” ग्रीसमध्ये वाहतुकीचे संप होतात, हे खोटे नाही; प्रवासाला निघण्यापूर्वी मी तशा बातम्या वाचल्या होत्या आणि म्हणूनच ते वाक्य मला पटले. त्या क्षणी मी टर्मिनलमधल्या माहिती खिडकीकडे वीस पावले मागे गेले असते, तरी पुरे होते. मी गेले नाही. संप आहे, रस्ता बंद आहे, आज सुटी आहे, असे जो माणूस न विचारता येऊन सांगतो, त्याच्याकडून पुढचे वाहन कधीही घेऊ नका.

त्याने आम्हाला एका पिवळ्या टॅक्सीपाशी नेले आणि भाडे मीटरप्रमाणे होईल असे सांगितले. ‘मीटरप्रमाणे’ हा शब्द ऐकून मी निश्चिंत झाले, कारण फसवणूक ही मीटर न लावणारे करतात, अशी माझी समजूत होती. गाडी सुरू झाली तेव्हा नऊला पाच मिनिटे कमी होती. भावोजी पुढच्या आसनावर बसले होते. शंभर-दीडशे मीटर गेल्यावर ते मागे वळून मराठीत म्हणाले, “अगं, मीटरवर रकमेच्या बाजूला २ कसला दिसतोय?”

त्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते मला शब्दन्‌शब्द आठवते. मी म्हणाले, “भावोजी, असू दे आता. दोन-चार युरो जास्त गेले तरी चालतील, पण दहाची वेळ चुकायला नको.” वयाने माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या आणि उगाच कधी न बोलणाऱ्या माणसाला मी गप्प केले, आणि तेही गप्प राहिले. तो २ म्हणजे रात्रीचा दर होता. अथेन्समध्ये टॅक्सीला दोन दर असतात. शहरात दिवसा १ क्रमांकाचा दर लागतो; मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत, किंवा शहराच्या हद्दीबाहेर जाताना २ क्रमांकाचा. सकाळी नऊ वाजता शहरात तो आकडा दिसण्याचे काहीही कारण नव्हते. गाडीत दरपत्रक होते, पण चालकाने आपला मोबाईल नेमका त्याच्यावर टेकवून ठेवला होता. त्या वेळी “वन, प्लीज” एवढे दोन शब्द बोलले असते, किंवा गाडी थांबवून उतरले असते, तर तोपर्यंत मीटरवर पाच युरोही झाले नव्हते. मीटर सुरू आहे एवढेच पाहू नका, त्यावर कोणता आकडा आहे ते पाहा.

गाडी समुद्राकाठच्या रस्त्याने बरीच पुढे गेली आणि मग शहराकडे वळली. आमच्या मोबाईलवर नकाशा चालत नव्हता, कारण आमच्याकडे मोबाईलचे इंटरनेट नव्हते आणि नकाशा आधी उतरवून ठेवायचे सुचले नव्हते. तुम्ही तो उतरवून ठेवा. दहाला वीस मिनिटे कमी असताना त्याने आम्हाला अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारापाशी, दिओनिसिऊ आरेओपागीतू या पादचारी रस्त्याच्या तोंडाशी सोडले. मीटरवर ३१ युरो ४० सेंट झाले होते. त्यावर त्याने बंदराचा आकार म्हणून माणशी ५ प्रमाणे २० युरो आणि पाठीवरच्या चार पिशव्यांचे प्रत्येकी २ प्रमाणे ८ युरो लावले. एकूण ५९ युरो ४० सेंट. बंदरातून प्रवासी घेतल्यास थोडा अधिभार नियमानेच घेता येतो. पण तो गाडीमागे एकदाच असतो, माणशी नव्हे, आणि साधारण एका युरोच्या घरातला. सामानाचा आकारही दहा किलोंवरच्या नगालाच लागतो, आणि तो काही सेंटांचा असतो. हे सगळे मला नंतर कळले. त्या वेळी मी पाकीट उघडले.

मी त्याला ५० ची एक आणि १० ची एक, अशा दोन नोटा एकावर एक ठेवून दिल्या. त्याने त्या घेतल्या, क्षणभर दाराकडे वळून ताईला उतरायला सांगितले आणि परत माझ्याकडे वळून दोन नोटा पुढे धरल्या. दोन्ही १० च्या होत्या. “मॅडम, हे वीस झाले, अजून चाळीस.” १० ची नोट लालसर आणि ५० ची नारिंगी असते, घाईत आपल्याकडूनच चूक झाली असेल असे वाटायला तेवढे साम्य पुरेसे ठरते. मी त्याची क्षमा मागितली, २० च्या आणखी दोन नोटा दिल्या आणि उतरले. पावती त्याने दिली नाही आणि मीही मागितली नाही.

खिडकीत नव्याने बसणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत असे: ग्राहकाने दिलेली नोट मोठ्याने रक्कम उच्चारून घ्यायची आणि व्यवहार पुरा होईपर्यंत गल्ल्यात टाकायची नाही, समोर वेगळी ठेवायची. ग्राहक म्हणून उभे राहिल्यावरही तोच नियम लागू होतो. नोट हातातून सोडण्यापूर्वी “फिफ्टी” असे मोठ्याने म्हणा, समोरच्याच्या डोळ्यांना डोळा भिडवून म्हणा, आणि एका वेळी एकच नोट द्या.

प्रवेशाच्या रांगेत उभी असताना मी पाकीट तपासले. प्रवासात रोज सकाळची शिल्लक वहीत लिहायची माझी जुनी सवय आहे. त्या दिवशीची नोंद होती: ५० च्या तीन, २० च्या चार, १० च्या दोन, एकूण २५०. पाकिटात उरल्या होत्या ५० च्या दोन, २० च्या दोन आणि १० ची एक, एकूण १५०. चालक खरे बोलत असता तर माझ्याकडे ५० च्या तीन नोटा असायला हव्या होत्या आणि १० ची एकही उरायला नको होती. पार्थेनॉन मंदिरासमोर उभी राहून मी तीन वेळा नोटा मोजल्या. जे पाहण्यासाठी आयुष्यभर पैसे साठवले, ते मी त्या दिवशी नीट पाहिलेच नाही, आणि याची भरपाई कोणत्याही तक्रारीने होणार नाही.

तक्रार मात्र मी केली. खाली उतरल्यावर पहिल्यांदा जी पोलीस चौकी सापडली तिथे आम्ही गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने विचारले, “गाडीचा क्रमांक?” तो आमच्याकडे नव्हता. त्याने लेखणी खाली ठेवली. मी वहीतली नोंद दाखवली, नोटांचा हिशेब मांडला. त्याने तो ऐकून घेतला आणि सांगितले की, जबाब ग्रीक भाषेत होईल, त्यासाठी दुभाष्या लागेल आणि दुभाष्या उद्या येईल. आमचे जहाज आज सुटते, असे मी म्हणाले. त्याने खांदे उडवले. निदान आम्ही येऊन गेलो एवढा तरी कागद द्या, अशी विनंती मी दोनदा केली. तसा कागद नसतो, असे उत्तर मिळाले. पर्यटकांसाठी वेगळे पोलीस असतात आणि त्यांचा १५७१ हा दूरध्वनी क्रमांक आहे, हे तिथे आम्हाला कोणीही सांगितले नाही. तो क्रमांक आत्ताच लिहून ठेवा.

बंदरावर परतल्यावर दारावरच्या सुरक्षारक्षकाला मी त्या ओळखपत्रवाल्या माणसाचे वर्णन सांगितले. दाराच्या आतली जबाबदारी आपली, बाहेरची नाही, असे तो म्हणाला; वास्तविक तो माणूस दारापासून दहा हातांवर उभा होता आणि रक्षकाला तो दिसत नसेल, यावर माझा विश्वास नाही. जहाजावरच्या स्वागत कक्षातली मुलगी गोड बोलली आणि म्हणाली की, जे प्रवासी आमची सहल घेत नाहीत त्यांच्या वाहतुकीबद्दल आम्ही काही करू शकत नाही. मग आदल्या रात्री खोलीत जे पत्रक टाकले होते, त्यात मीटरच्या दोन दरांविषयी एक ओळ छापायला काय हरकत होती? दर आठवड्याला हजारो माणसे तिथे उतरवणाऱ्यांना हा प्रकार माहीत नाही, असे कसे मानायचे? घरी आल्यावर प्रवास विमा कंपनीकडे दावा केला, तर पोलिसांचा दाखला मागण्यात आला. पोलिसांनी दाखला का दिला नाही हे मी दोन पानी पत्रात लिहिले. उत्तरात पुन्हा दाखलाच मागितला होता. अथेन्सला इमेलने पाठवलेल्या तक्रारीला पोच आली, आणि त्यानंतरच्या माझ्या दोन स्मरणपत्रांनाही शब्दशः तीच पोच आली.

गाडीत बसण्यापूर्वी क्रमांकाचे छायाचित्र घ्या. ते नसेल तर कोणतेही कार्यालय तुमचे ऐकणार नाही.

संप नव्हताच. दुपारी आम्ही मोनास्तिराकीहून मेट्रोने पिरेयसला आलो, तेव्हा गाड्या नेहमीसारख्या धावत होत्या. माणशी १ युरो २० सेंटचे तिकीट ९० मिनिटे चालते. हिरव्या रेषेची गाडी थिसिओ, कालिथेआ, फालिरो अशी जमिनीवरून येते. पिरेयस ते थिसिओ हा लोहमार्ग १८६९ पासून आहे. ऑक्टोबर २०२२ पासून निळी रेषाही पिरेयसपर्यंत आली आहे आणि तिचे शेवटचे, दिमोतिको थिआत्रो हे स्थानक प्रवासी टर्मिनलांना त्यातल्या त्यात जवळ पडते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. हिरव्या गाडीत पाकीटमार असतात, पिशवी पोटाशी धरा. टॅक्सीच करायची असेल तर अवश्य करा. दिवसाच्या दराने वीस ते पंचवीस युरो होतात, असे आम्हाला परतीच्या वाटेवर एका दुसऱ्या चालकाने सरळपणे सांगितले. चौघांत वाटून तेवढे आम्ही आनंदाने दिले असते.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी ताईने तिच्या आणि भावोजींच्या वाट्याचे ४,५७० रुपये पाकिटात घालून माझ्याकडे पाठवले. मी ते परत केले. भावोजींनी फोन करून कारण विचारले, तेव्हा मी त्यांना सांगितले की, मीटरवरचा आकडा तुम्ही पाहिला होता आणि गप्प मी केले होते.