मुख्यमंत्री बदलून देण्याची सेवा: लातूरच्या एका गिऱ्हाइकाचा अभिप्राय

सेवा: डाग लागलेला मुख्यमंत्री उतरवून त्या जागी दुसरा बसवून देणे. पुरवठादार: पक्षश्रेष्ठी. मुक्काम बहुतेक वेळा दिल्ली, एकदा मातोश्री.

गंजगोलाईत माझं पंखे, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं, आता पोरगा बघतो. माल बदलून देण्यातच उभा जन्म गेला, त्यामुळे या विषयात मला थोडं कळतं असं मी धरून चालतो. शिवाय या सेवेची झळ आमच्या जिल्ह्याला दोनदा बसली. 1986 मध्ये निलंग्याचे शिवाजीराव गेले, 2008 मध्ये बाभळगावचे विलासराव. आणि दोन्ही वेळा जागा भरली ती नांदेडच्या चव्हाणांनी. आधी शंकरराव, मग त्यांचे चिरंजीव अशोकराव. हा निव्वळ योगायोग आहे हे मला कळतं, पण लातूरकर म्हणून पचत नाही.

आधी उतरवण्याचं बोलू, कारण तो भाग बरा आहे. 1982 च्या जानेवारीत सिमेंटचा कोटा आणि मुख्यमंत्री अंतुल्यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांची सांगड न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकालात मांडली आणि अंतुले गेले. शिवाजीरावांच्या वेळी मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांचं प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं, ताशेरे आले आणि वर्षही न भरलेली खुर्ची गेली. मनोहर जोशींच्या वेळी पुण्यात शाळेसाठी राखीव असलेला भूखंड आणि जावयाची इमारत निघाली. 1999 च्या जानेवारीत बाळासाहेबांचा निरोप आला आणि राजीनामा दिला गेला. म्हणजे माल उचलायला माणूस येतो, आणि आला की घोळ घालत नाही. फक्त तक्रार आपण केलेली चालत नाही. कोर्टाने नाहीतर वर्तमानपत्राने केली तरच नोंद होते.

2010 मध्ये कुलाब्याच्या आदर्श इमारतीत अशोकरावांच्या नातेवाइकांचे फ्लॅट निघाले, तेव्हा नेमके ओबामा मुंबईत येणार होते. 6 नोव्हेंबरला त्यांचं स्वागत अशोकरावांनीच केलं आणि 9 तारखेला राजीनामा मंजूर झाला. दारात पाहुणा असताना शटर ओढायचं नाही, हे धंद्यातलं शहाणपण मला समजतं.

आमच्याकडे चहाच्या टपरीवर यावर एक वाद कायम होतो. आदर्शमध्ये अशोकरावांवर खटला चालवायला दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने 2017 मध्ये रद्द केली, मग त्यांना उगाच काढलं का? माझं म्हणणं, मुळीच नाही. शॉक देणारा पंखा आधी उतरवायचा, वायर कुठे उघडी पडली ते खाली घेऊन बघायचं. गुन्हा सिद्ध होणं वेगळं आणि खुर्चीवर बसायची लायकी वेगळी. विलासरावांचं तर घोटाळ्याचं प्रकरणच नव्हतं. 26/11 नंतर ताजच्या पाहणीला जाताना सोबत मुलगा आणि सिनेमाचा दिग्दर्शक नेला. मला विलासराव आवडायचे, अजूनही आवडतात. तरी जायलाच हवे होते.

खरी तक्रार नव्या मालाबद्दल आहे. अंतुल्यांच्या जागी बाबासाहेब भोसले कोणी मागितले होते? माणूस हजरजबाबी, स्वातंत्र्यलढ्यातला, पण स्वतःच्या आमदारांवर पकड नाही. वर्षभरात पक्षातलेच उठले आणि वसंतदादांना परत आणावं लागलं. अशा निवडीमागचं गणित मला असं दिसतं की खुर्चीत बसणारा इतका मोठा होता कामा नये की उद्या पुरवठादारालाच डोळे दाखवेल. पायाखाली स्वतःची जमीन असलेला माणूस श्रेष्ठींना नकोच असतो. 1999 ला जोशींच्या जागी आलेले नारायण राणे मात्र जोरकस निघाले, पण निवडणूक लवकर लावली आणि ऑक्टोबरपर्यंत सरकारच गेलं.

त्यातल्या त्यात चांगला निघाला तो पृथ्वीराज चव्हाणांचा पर्याय. पंतप्रधान कार्यालयातून थेट वर्षा बंगल्यावर. इथल्या कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते, सहा महिन्यांच्या आत विधान परिषदेत यावं लागलं. फायली हलत नाहीत अशी ओरड झाली, पवारसाहेबांनी तर हाताला लकवा झाला की काय असं विचारलं. मी म्हणतो, आदर्शनंतर सही करायला वेळ लावणारा माणूस बसला तर बिघडलं कुठे? त्याच सरकारात राष्ट्रवादीच्या काउंटरवर काय झालं तेही आठवा. सिंचनाच्या आरोपांवरून अजितदादांनी 25 सप्टेंबर 2012 ला राजीनामा दिला, मधे एक श्वेतपत्रिका निघाली, आणि 7 डिसेंबरला दादा पुन्हा उपमुख्यमंत्री! दुरुस्तीला नेलेला नग तसाच परत आला. नेमकं काय दुरुस्त केलं ते विचारायची सोय नाही.

उतरवलेला माल भंगारातही जात नाही, हे नव्या गिऱ्हाइकांनी लक्षात ठेवावं. जोशीसर 2002 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले. विलासराव सहा महिन्यांतच केंद्रात मंत्री. अशोकराव 2019 मध्ये राज्यात मंत्री आणि 2024 पासून भाजपमध्ये.

आता बसवायचं कोणाला? माझ्याकडे नाव नाही, पद्धत आहे. सध्याच्या पद्धतीत निरीक्षक विमानाने येतात, आमदार एका ओळीचा ठराव करतात की निर्णय श्रेष्ठींवर सोपवला, आणि मग लखोटा उघडतो. सव्वाशे-दीडशे निवडून आलेली माणसं आणि त्यांना आपला नेता कोण हे टीव्हीवर कळतं! त्यापेक्षा इच्छुकांनी उघड उभं राहावं आणि आमदारांनी चिठ्ठ्या टाकून निवडावा. अट एकच, त्याला आधी कधीतरी लोकांनी विधानसभेवर निवडून दिलेलं असावं. मग पृथ्वीराजही बसले नसते, हे मला कबूल आहे. यावर उत्तर मिळतं की आमदार फुटतील, पैसा वाहील. ठराव एका ओळीचा असला म्हणून फुटायचे थांबतात का? 2022 च्या जूनमध्ये सुरत आणि गुवाहाटी बघितलीच की.

लातूरने 1995 मध्ये दिल्लीची वाट न बघता विलासरावांना घरी बसवलं आणि जनता दलाचे कव्हेकर निवडून दिले. 1999 ला त्याच विलासरावांना पुन्हा निवडून पाठवलं, ते थेट मुख्यमंत्री झाले. मधल्या काळात माणूस किती वाकायला शिकला, गोलाईत थांबून किती जणांशी बोलायला लागला, ते आम्ही दुकानातून बघत होतो.

उतरवण्याला 5 पैकी 4 तारे. बसवण्याला 1, तोही पृथ्वीराजांच्या नावाने. पावती मिळत नाही, त्याचा एक तारा दोन्हींतून कापायचा होता, पण मग दुसऱ्यात काहीच उरलं नसतं.