सिंथेटिक मॉनिटरिंगचा एजंट ठेवायचा कुठे: क्लस्टरच्या नोडवर, सर्वरलेस पॉडमध्ये की बाहेर व्हीएमवर?

सिंथेटिक मॉनिटरिंग म्हणजे खऱ्या कस्टमरची वाट न बघता एका प्रोग्रामने, म्हणजे एजंटने, ठरल्या वेळाने ॲप तपासत राहणं. आणि क्युबरनेटिसच्या भाषेत नोड म्हणजे मशीन, क्लस्टर म्हणजे अशा मशीनचा गट, पॉड म्हणजे त्यावर चालणारे कंटेनर. एजंट कुठे ठेवायचा हा निर्णय बहुतेक टीममध्ये कुणी घेतच नाही, तो आपोआप होतो. व्हेंडर हेल्म चार्ट (क्युबरनेटिसवर इन्स्टॉल करायचं तयार पॅकेज) देतो, कुणीतरी दहा मिनिटांत इन्स्टॉल मारतं, पॉड हिरवा दिसतो आणि झालं, ज्या क्लस्टरवर ॲप चालतंय त्याच क्लस्टरवर ॲपची राखण करणारा पण बसतो. मग एक दिवस क्लस्टरच झोपतो आणि राखणदार पण त्याच्यासोबत झोपतो, अलर्ट येत नाही, आणि कस्टमरचा फोन आल्यावर कळतं. म्हणून इन्स्टॉल करायच्या आधी थोडा विचार करा, पर्याय तसे तीनच आहेत: ईकेएस, जीकेई किंवा एकेएसच्या (अनुक्रमे एडब्ल्यूएस, गुगल आणि अझ्युरचं मॅनेज्ड क्युबरनेटिस) नेहमीच्या नोडवर, एडब्ल्यूएसचं फार्गेट किंवा गुगलच्या ऑटोपायलटसारख्या प्रकारात जिथे नोड आपण बघतच नाही, किंवा क्लस्टरच्या पूर्ण बाहेर एक साधा व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन.

आधी स्वतःला एकच विचारा, चेक कसले चालवायचेत? एचटीटीपी, टीसीपी, डीएनएस, सर्टिफिकेट कधी संपतंय वगैरे हलके चेक असतील तर एजंटला जवळपास काहीच लागत नाही, कोपऱ्यात पडून राहतो बिचारा. पण लॉगिन करा, कार्टमध्ये टाका, पेमेंटच्या पानापर्यंत जा असा ब्राउझर चेक असेल तर दरवेळी आख्खं क्रोमियम (क्रोमच्या मुळाशी असलेला ब्राउझर) उठतं आणि तेव्हा सगळी गणितं बदलतात. दोघांना एकाच मापाने तोललं की घोळ होतो.

आता नेहमीचे नोड. फायदा उघड आहे, टीमला डिप्लॉयमेंट, सीक्रेट, लॉग सगळं ओळखीचं, गिटऑप्स (गिटमधल्या फाइलवरून आपोआप डिप्लॉय) आधीच लागलेलं, आणि आतल्या सर्व्हिसेस ज्या इंटरनेटवर नाहीतच त्या तपासायला यापेक्षा सोपी जागा नाही. पण सगळ्यात मोठी गोची सीपीयू लिमिटची, म्हणजे पॉडला जास्तीत जास्त किती सीपीयू मिळणार त्या मर्यादेची आहे आणि ती कुणी सांगत नाही. लिनक्स लिमिट मोजतं ते १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत, म्हणजे तुम्ही अर्धा कोअर लिमिट दिलं तर प्रत्येक खिडकीत ५० मिलिसेकंदांचा कोटा मिळतो. क्रोमियमचे चार थ्रेड एकदम पळाले की तो कोटा साडेबारा मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद प्रोसेस नुसती थांबून राहते. पान हळू नसतं, मोजणारा हळू असतो! आमच्याकडे एकदा चेकआउट पेज स्लो म्हणून आठवडाभर फ्रंटएंडच्या पोरांना धारेवर धरलं, शेवटी एजंटच्या पॉडचे थ्रॉटलिंगचे (कोटा संपला म्हणून थांबवून ठेवल्याचे) आकडे कुणीतरी उघडले आणि सगळे गप्प. तराजूच हलत असेल तर मालाला शिव्या घालून काय उपयोग.

उपाय आहे. ब्राउझर एजंटला सीपीयू रिक्वेस्ट (त्याच्यासाठी राखून ठेवायचा वाटा) भरपूर द्या, सीपीयू लिमिट काढा, मेमरी लिमिट मात्र ठेवा, आणि त्याच्यासाठी टेंट (बाकीच्या पॉडना दूर ठेवणारी खूण) लावलेला वेगळा छोटा नोड पूल करा म्हणजे शेजारचा बॅच जॉब येऊन गोंधळ घालणार नाही. दुसरं म्हणजे शेअर्ड मेमरी, कंटेनरला ती डिफॉल्टने फक्त ६४ एमबी मिळते आणि क्रोमियम जड पानावर तिथेच कोसळतं, एरर मात्र काहीतरी भलतीच दिसते. मेमरीवाला एम्प्टीडिर, म्हणजे पॉडपुरता तात्पुरता फोल्डर, माउंट करा (तो पॉडच्या मेमरीतूनच वजा होतो हे लक्षात ठेवा) किंवा शेअर्ड मेमरी न वापरण्याचा क्रोमियमचा फ्लॅग लावा. पिंग हवं असेल तर रॉ सॉकेटची परवानगी लागते, आणि नेमस्पेसवर (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) पॉड सिक्युरिटीची बेसलाइन लेव्हल असेल तर ती कॅपॅबिलिटी जोडताच येत नाही, त्याहून कडक रिस्ट्रिक्टेडमध्ये तर नाहीच नाही. सिक्युरिटीवाल्यांशी भांडण्यापेक्षा टीसीपी चेकवर भागतंय का ते आधी बघा, बहुतेक वेळा भागतं.

आणि एक गंमत, जी मला फार उशिरा कळली. क्लस्टरच्या आतून तुम्ही स्वतःच्याच पब्लिक लोड बॅलन्सरला हाक मारली आणि सर्व्हिसच्या स्टेटसमध्ये आयपी असेल, तर क्यूब प्रॉक्सी (नोडवर बसून ट्रॅफिक वळवणारा क्युबरनेटिसचा भाग) ती ट्रॅफिक बाहेर जाऊच देत नाही, आतल्या आत पॉडकडे वळवते. म्हणजे लोड बॅलन्सर मेला असला तरी तुमचा चेक हिरवा! एडब्ल्यूएसवर स्टेटसमध्ये सहसा आयपीऐवजी होस्टनेम असतं म्हणून हे तिथे दिसत नाही, बाकी ठिकाणी दिसू शकतं. डीएनएसचंही तसंच, पॉडमध्ये एनडॉट्स (नावात किती डॉट असले की ते आधी जसंच्या तसं विचारायचं तो आकडा) डिफॉल्टने ५ असतं, त्यामुळे दोन डॉट असलेलं बाहेरचं साधं नाव आधी क्लस्टरच्या तीन सर्च डोमेनला चिकटवून विचारलं जातं, आयपी व्ही४ आणि व्ही६ धरून सहा फुकटचे प्रश्न, मग कुठे खरा प्रश्न जातो. तुमच्या डीएनएसच्या वेळेत हे सगळं मिसळलेलं असतं. पॉडच्या डीएनएस कॉन्फिगमध्ये एनडॉट्स १ करा किंवा नावाच्या शेवटी डॉट द्या.

सर्वरलेस पॉड कानाला गोड लागतो. ईकेएसवर फार्गेट घेतलं तर प्रत्येक पॉडला स्वतःचं वेगळं व्हीएम, त्यामुळे शेजाऱ्याचा त्रास खूप कमी, मोजमाप जास्त स्थिर. नोड पॅच करायची कटकट नाही. पण अटी पण आहेत: डीमनसेट (दर नोडवर एकेक पॉड) नाही, प्रिव्हिलेज्ड (होस्टचे अधिकार असलेला) कंटेनर नाही, होस्ट नेटवर्क नाही, पॉड फक्त प्रायव्हेट सबनेटमध्ये, आणि तुमच्या मेमरी रिक्वेस्टवर २५६ एमबी क्युबरनेटिसच्या स्वतःच्या कामासाठी वर धरून मग पुढच्या मापाला राउंड केलं जातं, त्यामुळे अगदी काठावरची रिक्वेस्ट टाकली की एक माप वरचं बिल येतं. इमेज कॅशही नाही, दर नवीन पॉडला ब्राउझरची जाडजूड इमेज पुन्हा ओढावी लागते. म्हणून दर मिनिटाला क्रॉनजॉब (ठरल्या वेळी नवा पॉड सुरू करणारं काम) उठवायचं डोक्यात असेल तर विसरा, एजंट कायम चालू ठेवा आणि आतल्या आत त्याला वेळापत्रक सांभाळू द्या. जीकेईचं ऑटोपायलट यापेक्षा वेगळं आहे, तिथे डीमनसेट चालतो, पैसे पॉडच्या रिक्वेस्टवर लागतात, प्रिव्हिलेज्ड मात्र तिथेही सहसा नाही. दोघांना एकाच पिशवीत टाकू नका.

बाहेरचा व्हीएम सगळ्यांना जुनाट वाटतो. मला आवडतो. दुसऱ्या रीजनमध्ये, जमलं तर दुसऱ्या अकाउंटमध्ये किंवा दुसऱ्याच क्लाउडवर एक लहानसा व्हीएम, त्यावर डॉकर, सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस चालू ठेवणारा) एक युनिट फाइल, संपलं. क्लस्टर अपग्रेड, कोअरडीएनएसचं (क्लस्टरचा आतला डीएनएस) दुखणं, नॅट गेटवेचे (आतून बाहेर जायचं सामाईक दार) पोर्ट संपणं, यातलं काहीच त्याला शिवत नाही, स्टॅटिक आयपी घेतला की तो एकच राहतो त्यामुळे अलाउलिस्टमध्ये (परवानगी दिलेल्या आयपींची यादी) टाकायला सोपा. उणी बाजू म्हणजे पॅचिंग तुमच्या गळ्यात, सीक्रेट कुठे ठेवायचं ते तुम्हीच बघा, आणि सहा महिन्यांनी तो कुणी उभा केला होता हे कुणालाच आठवत नाही. आतल्या सर्व्हिसेस त्याला दिसतही नाहीत, व्हीपीएन किंवा पीअरिंग केल्याशिवाय.

अपग्रेडचा मुद्दा दोन ओळीत संपणारा नाही. क्युबरनेटिसच्या वर्षाला साधारण ३ आवृत्त्या येतात आणि एकेकीला जवळपास १४ महिने सपोर्ट असतो, म्हणजे मॅनेज्ड क्लस्टरवर नोड फिरत राहणारच. पॉड काढताना डिफॉल्ट मुदत ३० सेकंदांची, आणि तुमचा ब्राउझर चेक दीड मिनिटाचा असेल तर तो मध्येच मरतो आणि रात्री तीनला खोटा अलर्ट वाजतो. मुदत वाढवा, डिसरप्शन बजेट (एकावेळी किती पॉड काढता येतील त्याची मर्यादा) लावा, दोन रेप्लिका (त्याच पॉडच्या प्रती) वेगवेगळ्या झोनमध्ये पसरा. स्पॉट नोडवर (स्वस्त, पण क्लाउड कधीही परत घेतो असे) एडब्ल्यूएस २ मिनिटांची सूचना देतं, गुगल आणि अझ्युर ३० सेकंदांची, त्यामुळे ब्राउझर एजंटला स्पॉटवर ठेवून वाचवलेले पैसे झोपेच्या रूपाने परत जातात. रेप्लिका वाढवताना पण सावध, काही एजंट रांगेतून काम वाटून घेतात, काही एकाच टोकनवर दोन चालवले की तोच चेक दोनदा मारतात, कागदपत्रं वाचल्याशिवाय आकडा वाढवू नका.

एजंट कुठला, हे तुलनेने सोपं. फक्त हलके चेक आणि प्रोमिथियस (मेट्रिक गोळा करणारी मॉनिटरिंग सिस्टिम) आधीच असेल तर त्याचा चेक मारणारा ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर घ्या, रिझॉल्व्ह, कनेक्ट, टीएलएस, प्रोसेसिंग, ट्रान्सफर असा वेळ फोडून देतो आणि सर्टिफिकेटची तारीखही सांगतो. प्रोमिथियसचा स्क्रेप (आकडे ओढून घेण्याचा) टाइमआउट डिफॉल्टने १० सेकंद असतो आणि एक्सपोर्टर त्यातून अर्धा सेकंद कापून घेतो, तेव्हा साडेनऊ सेकंदांनंतर सगळं फेल दिसलं तर घाबरू नका. ब्राउझर त्याला येत नाही. व्हेंडरचा एजंट ब्राउझर चालवतो, सहसा स्वतःच बाहेर ४४३ वर जाऊन काम घेऊन येतो त्यामुळे आत येणारा पोर्ट उघडावा लागत नाही, सिक्युरिटीवाले खूश. आणि सगळं एडब्ल्यूएसवरच असेल, ब्राउझर चेक मोजून पाच-सहाच असतील, तर क्लाउडवॉचचे (एडब्ल्यूएसची मॉनिटरिंग सेवा) कॅनरी, म्हणजे तिथलेच सिंथेटिक चेक, बघा, ते लॅम्बडावर (सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी सेवा) चालतात, क्लस्टरचा संबंधच नाही.

कुठलाही घ्या, एजंट गप्प झाला तर कुणाला कळणार ते आधी ठरवा. व्हेंडरकडे त्या लोकेशनकडून काहीच येत नाही यावर अलर्ट लावा, आणि प्रोमिथियस आतच असेल तर कायम वाजत राहणारा वॉचडॉग अलर्ट बाहेर पाठवा, तो थांबला की बाहेरच्याने बोंब मारायची.

मला विचाराल तर फक्त आतल्या सर्व्हिसेस आणि हलके चेक असतील तर नेहमीचा नोड पूल, डोकं लावू नका. ब्राउझर चेक आणि नोड सांभाळायला माणूस नाही, तर फार्गेट किंवा ऑटोपायलट, पिंगचा हट्ट सोडून. कस्टमरला दिसणारी पब्लिक साइट असेल तर बाहेरचा एक व्हीएम हवाच, बाकी काहीही घेतलं तरी. आणि अजूनही ठरत नसेल तर तोच चेक आत आणि बाहेर दोन आठवडे शेजारी शेजारी चालवा. बाहेर लाल पण आत हिरवा असं एकदा तरी झालं तर आतला हिरवा कुठून वळून येतोय ते शोधा. आणि आतला बाहेरच्यापेक्षा हळू दिसला तर पहिल्यांदा थ्रॉटलिंग बघा, फ्रंटएंडच्या पोरांकडे नंतर जा.