मांडव्याची बोट: मराठवाड्यातून अलिबागला कधी जावं, कसं जावं

मुंबईच्या गेटवेवरून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणारी बोट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पैसे पुरेपूर वसूल करून देते, मे महिन्यात जेमतेम निम्मे. साधारण मे अखेर ते ऑगस्ट अखेर ती बंदच असते. सप्टेंबरातही समुद्र शांत व्हायला वेळ लागला तर सुरुवात पुढं ढकलली जाते. तेव्हा रेल्वेचं आरक्षण करण्याआधी बोट सुरू आहे का, ते विचारावं.

देवगिरी किंवा लातूर–मुंबई एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलं की टॅक्सीनं गेटवे जवळच. साधी लाँच तासाभरात मांडव्याला पोचवते, कॅटामरान पाऊण तासात. काही बोटींच्या तिकिटातच मांडवा–अलिबाग बस धरलेली असते. तिकीट काढतानाच ते विचारून घ्यावं, नाहीतर पुढच्या वीसेक किलोमीटरसाठी रिक्षावाल्याशी घासाघीस आलीच. सकाळची बोट घ्यावी. दुपारनंतर समुद्रावरून वारा उठतो, बोट हलते आणि वरच्या डेकवर तुषार अंगावर येतात. ज्यांना घाटात एसटी लागते त्यांनी खाली, मधल्या बाकावर बसावं. गोळी बोटीत चढून नव्हे, अर्धा तास आधी घ्यावी.

मुंबईतच भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गाडीसकट तासाभरात मांडवा, शिवाय पावसाळ्यातही चालते. हवा बिघडली की मात्र फेऱ्या रद्द होतात. सेवा चांगली आहे, पण बीड, धाराशिव, लातूरकडून गाडी घेऊन येणाऱ्यांनी तिच्या नादी लागू नये. पुणे–खोपोली–पेण रस्ता थेट अलिबागला उतरतो. मुंबईत शिरून पुन्हा समुद्र ओलांडणं म्हणजे उलटा घास. जालना, संभाजीनगरकडच्यांचं गणित थोडं वेगळं. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झालाय, त्यामुळे मुंबईत एखादा मुक्काम असेल तर रो-रो जमते. बुलेटवरून फिरणाऱ्यांना तर ती सोन्यासारखी, कारण अटल सेतूवर दुचाकी चालत नाही.

आता हवेचं. मे महिन्यात परभणीला ४२ अंश आणि अलिबागला ३४, म्हणजे तिकडं गार असेल, हा हिशेब हमखास फसतो. आपल्याकडं घाम निघाला की वाळतो. तिथं वाळतच नाही. कूलरचंही तेच. वाळ्याच्या ताट्या भिजवून खोली गार होते ती हवा कोरडी असते म्हणून. किनाऱ्यावर हवेत आधीच पाणी भरलेलं, कूलर लावला की चादर तेवढी दमट होते. ‘कूलर रूम’ स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. एसी परवडत नसेल तर समोरासमोर खिडक्या आणि चांगला पंखा असलेली खोली बघावी. ऑक्टोबरमध्येही, पाऊस परतला की, तसाच उकाडा असतो. सोयाबीन निघून हरभरा पेरून झाला की निघावं. तेव्हा घरी स्वेटर लागतो, तिथं रात्री पातळ चादर पुरते. फक्त सकाळच्या बोटीवर वारा झोंबतो, मफलर हाताशी असू द्यावा. नाताळ ते १ जानेवारी टाळावं, खोल्यांचे भाव चढलेले असतात.

अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. त्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरातून निघते: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, आणि त्यापुढं साधारण सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला, ओहोटी नऊला. हाच हिशेब दोन्ही पक्षांत, दिवसा आणि रात्रीही. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते. वेळ सोयीची वाटते, पण ती भांगाची भरती-ओहोटी. पाणी कमी चढतं तसं कमीच उतरतं, आणि वाटेवर गुडघाभर राहू शकतं. तृतीया ते पंचमी सगळ्यात बरी: उधाणाचा जोर अजून टिकून असल्यानं पाणी लांब मागं जातं, ओहोटी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते आणि ऊनही कोवळं असतं. रात्रीची गाडी आणि सकाळची बोट करून त्याच दिवशी हे साधत नाही, म्हणून किल्ला दुसऱ्या दिवशी ठेवावा. ओहोटीच्या पाण्यानं तळ गाठण्याच्या तासभर आधी निघावं आणि तळ गाठल्यावर तासाभरात परतावं. हिशेब अर्ध्या-पाऊण तासानं चुकू शकतो, म्हणून किनाऱ्यावरच्या कोळ्याला एकदा विचारावंच.

विहिरीत सूर मारणाऱ्यांना खास सांगणं: विहिरीचं पाणी ओढत नाही, ओहोटीचं ओढतं. पाणी मागं हटत असताना कमरेच्या वर जाऊ नये. पावसाळ्यात तर पायच घालू नये.

मासे खायला जाणार असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हाची ताटातली सुरमई बहुतेक बर्फातली. खाडीची मासळी किंवा चिंबोरी मागावी, नाहीतर सरळ सुकट.

परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मांडव्याला उतरल्या उतरल्याच बघून ठेवावी. ती चुकली आणि रात्रीच्या गाडीचं आरक्षण असेल, तर पेणमार्गे रस्त्यानंच मुंबई गाठावी लागते, आणि रविवारी संध्याकाळी त्या रस्त्याचा भरवसा नाही.