डीट की पिकारिडिन? दोन्ही डास दूर ठेवण्यासाठी त्वचेला लावायची रसायनं.
१९४६ साली अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेलं डीट आजही प्रभावी आहे, पण ते प्लास्टिक विरघळवतं: चष्म्याची फ्रेम, घड्याळाची प्लास्टिकची काच, रेयॉनचे कपडे खराब होतात. २०% पिकारिडिनमुळे हे होत नाही, वासही जवळजवळ नसतो आणि डास साधारण ८ तास दूर राहतात. रोजच्या वापराला आम्ही तेच निवडू.

डीटचं प्रमाण वाढवलं की परिणाम जास्त वेळ टिकतो. ५०%च्या पुढे मात्र फारसा फरक पडत नाही. दोन्ही हवेत उडतात, घामाने धुऊन जातात. म्हणूनच नव्या मलमांत रसायन पॉलिमरमध्ये (लांब साखळ्यांच्या रेणूंच्या पदार्थात) अडकवून हळूहळू सोडतात. त्वचेत कमी मुरावं हाही हेतू.

सनस्क्रीनमध्येच मिसळलेलं डीट टाळा. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावं लागतं, त्यासोबत डीटही विनाकारण वाढतं. आधी सनस्क्रीन, ते सुकल्यावर डासरोधक.