पावतीवर ‘ठेव’ नव्हतं, ‘देणगी’ होतं

आमच्या आत्तीला आमटीला नाव ठेवल्याशिवाय जेवण जात नाही. कधी मीठ कमी, कधी डाळ बोटचेपी, कधी “ही चटणी घातलीय का नुसती हळद?” महापालिकेच्या शाळेत सगळी नोकरी झाली, त्यामुळं चुका काढायची सवय हाडात मुरलेली. अशी बाई फोनवर सलग सात महिने “बरं आहे, बरं आहे” एवढंच म्हणत राहिली, तेव्हाच माझ्या डोक्यात घंटी वाजायला हवी होती. वाजली नाही.

आत्तीला ज्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं त्या संस्थेचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तोंडाला कुलूप लावायला सांगितलंय. पण आमच्या फौंड्रीतल्या दोघांनी महिन्याभरात मला विचारलं, “आईसाठी एखादं चांगलं केंद्र सांग की.” त्यांना जे तासभर बसून सांगितलं तेच इथं लिहितोय.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आत्ती न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तिला मूलबाळ नाही, तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जाऊन बरीच वर्षं झाली. माझी शिरोली एमआयडीसीत शिफ्ट, बायकोची शाळा, घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. शहराबाहेर उसाच्या रानात एक केंद्र आहे असं कुणीतरी सांगितलं. त्यांनी ‘वृद्धाश्रम’ हा शब्द एकदाही वापरला नाही. ‘निवास आणि शुश्रूषा’ म्हणायचे. आम्हाला बरोबर रविवारी दुपारी बोलावलं. अंगणात खुर्च्या, चार आजोबा पत्ते खेळत होते, ताटात पांढरा रस्सा. आत्तीनं दोन वाट्या घेतल्या. मी तिथंच हरलो.

आज मला कुणी विचारलं तर सांगेन, रविवारी जाऊ नका. मंगळवारी रात्री आठला, न सांगता जा. बावीस म्हाताऱ्यांना रात्री किती माणसं आहेत ते मोजा. नंतर आम्हाला कळलं की तिथं रात्री एकच पोरगी असायची. तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे, पण ती ना एएनएम, ना जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कुठलाच कोर्स केलेला नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागितला असता तर तिथंच उलगडा झाला असता. मागितला नाही. बावीस बिछाने, चार-पाच जण अंथरुणाला खिळलेले आणि ती वीस-बावीस वर्षांची पोरगी. तिचा मला राग नाही, तिलाही तिथं फसवलंच होतं.

पैशाचं असं ठरलं, म्हणजे तोंडी ठरलं. महिना अठरा हजार, आणि सुरुवातीला तीन लाख ‘अनामत’, सोडताना परत. हा शब्द व्यवस्थापकानं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आवाजी निरोपातही वापरला होता, हे पुढं कामाला आलं. करार १०० रुपयांच्या स्टँप पेपरवर, मागं सहा पानं इंग्रजी. आत्ती मराठीची शिक्षिका, मी आयटीआय झालेला. “हे नेहमीचंच आहे हो, सगळ्यांचं असतंय,” म्हणाले. आत्तीनं शेवटच्या पानावर सही केली. प्रत “उद्या देतो” म्हणाले, ती उद्या आजतागायत उगवली नाही. हयातीच्या दाखल्याला लागेल म्हणून तिचं मूळ आधार कार्डही ठेवून घेतलं. आत्तीची एफडी मोडायला नको म्हणून तीन लाखांचा चेक मी माझ्या खात्यावरून दिला.

आता खरी गंमत. पावती आली ती ट्रस्टच्या नावाची आणि वर इंग्रजीत छापलेलं ‘कॉर्पस डोनेशन’, म्हणजे ट्रस्टच्या कायम निधीला देणगी. मी विचारलं तर हसून म्हणाले, “अहो, तुमच्या फायद्याचंच आहे, इन्कम टॅक्सच्या ८०जी मध्ये सूट मिळतीय.” मी खूश. जूनमध्ये रिटर्न भरताना सीएला ती पावती दिली, सूट घेतली. म्हणजे ही रक्कम देणगी आहे हे सरकारला मीच लिहून दिलं. पुढं पैसे मागायला गेलो तेव्हा त्यांनी हाच मुद्दा तोंडावर मारला, “देणगी म्हणून सवलत घेतलीत, आता ठेव कशी म्हणता?” सीएनं मुदतीत सुधारित रिटर्न भरून ती सवलत मागं घेतली. पण डाग पडायचा तो पडलाच.

महिन्याचं बिल अठराचं चोवीस कधी झालं ते कळलंच नाही. डायपर वेगळे, ‘डॉक्टर व्हिजिट’ दर आठवड्याला पाचशे, आणि ऑपरेशननंतर तिला चालता येतंय असं त्यांनीच आधी लिहिलेलं असताना मार्चपासून ‘पूर्ण परावलंबी’ म्हणून तीन हजार जादा. चालणारी बाई परावलंबी का झाली, हे कुणी विचारायचं? आम्हीच ना. आम्ही पैसे भरले.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. रस्ते बंद झाले ते खरंच बंद झाले होते, त्यात त्यांचा दोष नाही. पण पाणी उतरल्यावरही “संसर्ग पसरलाय, भेटायला येऊ नका” हे चालूच राहिलं. फोन लावला की स्पीकरवर, शेजारी व्यवस्थापक. तिचा स्वतःचा मोबाईल “रात्री बोलत बसतात” म्हणून काढून घेतलेला. फोनवर तेच, बरं आहे, बरं आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी शिफ्ट बुडवून, न सांगता गेलो. गेटवर वाद घातला, आत शिरलो.

आत्ती खोलीत एकटी, कुशीवर नाही, पाठीवर. मला बघून म्हणाली, “बाळ, मला उलथं कर.” माकडहाडावर तळहाताएवढी जखम. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, बेडसोर एका दिवसात इतका मोठा होत नाही. हलता न येणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर दाबामुळं कातडीचं रक्त थांबतं आणि मांस कुजायला लागतं. केंद्रातल्या तिच्या फाइलीत कूस बदलल्याची एकही नोंद नव्हती. त्या पाचशे रुपयांच्या ‘डॉक्टर व्हिजिट’ची तर एक ओळही नाही. तिला तिथून हलवायच्या आधीच मी फाइलीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला. त्या गडबडीत एवढं एक शहाणपण सुचलं.

आत्तीला घरी आणलं. चौथ्या दिवशी तीन लाख मागायला गेलो तर उलट मलाच दम. “तुम्ही म्हातारीला इथं टाकून गेलात. २००७ चा कायदा आहे, कलम २४, तीन महिने आत जाल.” खरं सांगतो, हातपाय गार पडले. रात्रभर बायको आणि मी तोच कायदा मोबाईलवर वाचत बसलो.

दुसऱ्या दिवशी प्रांत कार्यालयात गेलो, कारण आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या त्या कायद्याचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडं असतं. तिथल्या कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, “दर महिन्याला पैसे भरताय, दवाखान्यात नेताय, घरी आणलंय. मग टाकलं कुठं?” ते कलम कायमचं सोडून देण्याच्या हेतूनं टाकणाऱ्याला आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे खरं. पण दर महिन्याची बिलं भरणाऱ्या भाच्याला ते कसं लागणार? ज्येष्ठांच्या संरक्षणाचा कायदा नातेवाइकांना भेडसवायला वापरतात, ही युक्ती मला नवीन होती. त्याच माणसानं १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही लिहून दिली. घरात म्हातारं माणूस असेल तर हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा.

सगळ्यात मोठा धडा मिळाला तो मात्र धर्मादाय कार्यालयात. ट्रस्टला दरवर्षी हिशेब तपासून तिथं द्यावे लागतात. अर्ज केला, फी भरली, दोन वर्षांच्या ताळेबंदाच्या नकला मिळाल्या. ताळेबंदाच्या ठरलेल्या नमुन्यात देणी बाजूला ‘भाडे व इतर ठेवी’ अशी एक ओळ असते. तिथं दोन्ही वर्षी रेघ मारलेली. बावीस जणांकडून अनामत घेतली म्हणता, परत द्यायची म्हणता, आणि वहीत देणं शून्य! म्हणजे परत द्यायचं त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून नव्हतंच. हा कागद मी चेक फाडायच्या आधी बघितला असता तर तीन लाख वाचले असते. पांढरा रस्सा चाखायला आम्हाला वेळ होता, हे बघायला नव्हता.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर तक्रारीला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. संस्थेचं म्हणणं, देणगी दिली म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. आमचं म्हणणं, दर महिन्याची बिलं कशाची मग? वकिलांनी तो ‘अनामत’वाला आवाजी निरोप मूळ मोबाईलमध्येच ठेवायला सांगितलाय, कारण त्याची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर त्यासोबत ती मूळ मोबाईलमधूनच घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळं काच फुटलेला तो हँडसेट कपाटात कपड्यांखाली पडून आहे आणि मी बायकोचा जुना वापरतोय.

जखम भरायला पाच महिने लागले. घरी दिवसा एक मावशी येतात, रात्री आम्ही दोघं आळीपाळीनं उठतो. आत्ती वॉकर धरून गॅलरीपर्यंत जाते. मावशींच्या आमटीबद्दल तिचं मत ऐकण्यासारखं आहे, पण इथं लिहिण्यासारखं नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडून एक माणूस पाकीट घेऊन आला. एक लाख परत देतो, आमची काही तक्रार नाही असं लिहून द्या. चार पानं, इंग्रजी. मी आत्तीच्या हातात दिलं. तिनं उलटंसुलटं करून बघितलं आणि परत त्याच्या हातात ठेवलं.

“मराठीत लिहून आण म्हणावं,” ती म्हणाली. “आणि येताना माझं आधार कार्ड घेऊन ये.”

तो अजून आलेला नाही.