आर्लिंग्टन की सुपरडोम? एकच वारी होणार असेल तर

घरचं एनआरजी स्टेडियम पाहून झालं की ह्यूस्टनकरांना पुढचा प्रश्न पडतो: अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगची छपराखालची दुसरी मॅच बघायला कुठे जायचं? गाडीने जाऊन येण्याजोग्या जागा दोनच. उत्तरेला चार तासांवर आर्लिंग्टनचं एटी अँड टी स्टेडियम, म्हणजे काउबॉइज संघाचं घर. पूर्वेला साडेपाच-सहा तासांवर न्यू ऑर्लीन्सचा सुपरडोम, तो सेंट्स संघाचा. लागोपाठच्या दोन वर्षी आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. तिकिटं, आसनसंख्या वगैरे तुम्ही आधीच धुंडाळलं असेल, त्यामुळे ते सोडून देतो.

आर्लिंग्टन भव्य आहे, यात वाद नाही. दोन पोलादी कमानी, प्रत्येकी जवळजवळ चारशे मीटर लांब, आणि त्यांच्यावर पेललेलं छप्पर बारा-एक मिनिटांत उघडतं. काउबॉइजच्या अर्व्हिंगमधल्या जुन्या स्टेडियमच्या छपराला मधोमध मोठं भोक होतं. २००९ साली नव्या घरी येताना ती आठवण त्यांनी अशी जपली. गंमत म्हणजे इतकं छप्पर असूनही इथे उन्हाचा त्रास आहे. मैदान पूर्व-पश्चिम, दोन्ही टोकांना काचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये काउबॉइजच्या सीडी लॅम्बला मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये आलेला चेंडू उन्हामुळे दिसलाच नाही आणि हातातला टचडाउन, म्हणजे सहा गुण, गेला. पडदे लावा म्हणून ओरड झाली, मालक जेरी जोन्स यांनी साफ नकार दिला.

पण माझं मत ठरलं ते उन्हामुळे नाही, स्क्रीनमुळे. मैदानाच्या डोक्यावर, २७ मीटरवर, ४९ मीटर रुंद नि २२ मीटर उंच पडदा टांगलाय. पहिल्याच वर्षी एका सराव सामन्यात टायटन्स संघाच्या खेळाडूने मारलेला पंट, म्हणजे पायाने उंच उडवलेला चेंडू, थेट त्यावर आदळला होता, तेव्हा लोक हसले असतील. माझी अडचण वेगळी झाली. खाली खेळाडू मुंगीएवढा आणि वर तोच खेळाडू इमारतीएवढा, मग मान वरच जाणार! दुसऱ्या क्वार्टरला मी ठरवून खाली बघायला लागलो, दोन प्ले, म्हणजे दोन चाली, जेमतेम जमलं. परतीच्या वाटेवर मुलाने विचारलं, "बाबा, तो मोठा झेल आपल्या बाजूला घेतला की पलीकडे?" दोघांनाही सांगता येईना. येऊन-जाऊन आठ तास गाडी हाकून आम्ही टीव्हीच पाहून आलो होतो. दोष स्टेडियमचा म्हणणार नाही. माझ्या नजरेला शिस्त नाही म्हणा हवं तर. मुलाला मात्र ती जागा फार आवडली, हेही सांगायला हवं.

सुपरडोममध्येही स्क्रीन आहेत, मोठाले आहेत, पण दोन टोकांना. डोळे मैदानावर राहतात. आणि वर असतो तो खरा घुमट: व्यास २०७ मीटर, उंची ८३, मध्ये एकही खांब नाही. आपला विजापूरचा गोलघुमट ४४ मीटरचा. तिथे कुजबुज भिंतीवरून फिरून परत कानाशी येते, इथे सत्तर हजारांचं ‘हू डॅट’ येतं, ती सेंट्सच्या चाहत्यांची आरोळी. तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारांपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, शेजारी बसलेल्या बायकोचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, ती काहीतरी महत्त्वाचं सांगत होती म्हणे.

या वास्तूचं नशीब मात्र सरळ नाही. बांधकाम रखडलं म्हणून जानेवारी १९७५ चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जुन्या टुलेन स्टेडियमवर न्यावा लागला. डोम उघडला ऑगस्टमध्ये. २०१३ च्या सुपर बोलला चौतीस मिनिटं वीज गेली. आणि २००५ चं कॅटरिना चक्रीवादळ. हजारो लोक आसऱ्याला आत, वर फाटलेलं छप्पर, ती दृश्यं आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिली. वर्षभराने, २५ सप्टेंबर २००६ ला सेंट्स परत आले आणि सुरुवातीलाच त्यांच्या स्टीव्ह ग्लीसनने फाल्कन्स संघाचा पंट अडवला. त्या क्षणाचा पुतळा बाहेर आहे. मॅचच्या आधी तिथे दहा मिनिटं काढा.

तोट्याचं बोलायचं तर सुपरडोम पन्नाशीचा आहे. अलीकडच्या मोठ्या डागडुजीनंतरही मध्यंतरात गर्दी जाणवते. रस्ताही लांबचा, अॅचाफलायाच्या त्या लांबच लांब पुलावर अपघात झाला की बसा. पण आम्ही हॉटेलमधून चालत गेलो, चालत परतलो, वाटेत तिथला गंबो नावाचा रस्सा खाल्ला. आर्लिंग्टनला रेल्वे नाही. गाडी, पार्किंग आणि मग पायपीट, आईवडील बरोबर असतील तर याचा विचार करा.

लहान मुलं, एकच मोकळा दिवस, उत्तम सोयी हव्यात, तर आर्लिंग्टनला जा, पस्तावणार नाही. आम्ही पुढच्या खेपेचं हॉटेल न्यू ऑर्लीन्समध्ये बघतोय. घरात कुणी कट्टर काउबॉइजवाला असेल, तर ते ज्या वर्षी सेंट्सकडे खेळायला जातात, तो रविवार धरा.